वीज कडाडली आणि कॉम्प्युटर गेला: कमी खर्चात तो पुन्हा उभा करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री वीज कडाडली, दिवे गेले, दिवे आले, कॉम्प्युटर मात्र आला नाही. पुढचे दोन-चार दिवस डोक्यात जे प्रश्न फिरतात ते इथे घेतले आहेत, साधारण ज्या क्रमाने ते पडतात त्याच क्रमाने. मीही या वाटेने गेलो आहे आणि पहिल्या खेपेला नको तोच भाग विकत घेऊन आलो होतो. त्यामुळे काही उत्तरं जरा लांबली आहेत.

### वीज घरावर पडलीच नाही, मग कॉम्प्युटर कसा गेला?

ती घरावर पडायची गरज नसते. विजेच्या एका झोताचा प्रवाह साधारण ३०,००० अँपिअरच्या घरात असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत चढतो. एवढा प्रवाह इतक्या झटक्यात वाहिला की आसपासच्या प्रत्येक लांब वायरीत आपोआप व्होल्टेज तयार होतं. मग ती वायर खांबावरून येणारी विजेची असो, केबल टीव्हीची असो, की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलेली लॅनची, म्हणजे नेटवर्कची.

म्हणून झटका कोणत्या दाराने आत आला याचा आधी विचार करा. राउटर मेला, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स मेला आणि कॉम्प्युटरचा फक्त लॅन पोर्ट मेला, तर तो डेटाच्या वायरीतून आला आणि एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, कदाचित धडधाकट असेल. त्याच वेळी शेजारच्या सॉकेटवरचा चार्जरही गेला असेल, तर तो विजेच्या लाइनमधून आला. ‘आमच्याकडे फायबर आहे, आम्हाला काय होणार’ असं मला अनेकांनी सांगितलं आहे. फायबरची काच वीज वाहत नाही हे खरं, पण राउटरचा अडॅप्टर सॉकेटमध्येच असतो आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत तांब्याचीच वायर येते.

### सगळ्यात आधी काय करू?

पॉवरचं बटण दाबत बसू नका. सगळ्या वायरी काढा, नुसता स्विच बंद करून भागणार नाही. कॅबिनेट उघडून वास घ्या (जळालेल्या कॉम्पोनंटचा वास एकदा घेतला की विसरत नाही), मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डवर, काळा डाग किंवा फुगलेला कपॅसिटर दिसतो का बघा. घराचा विमा असेल आणि त्यात अशी हानी धरलेली असेल, तर काहीही हलवण्याआधी फोटो काढा आणि दावा मिटेपर्यंत जळका भाग टाकू नका.

मग साध्या गोष्टी. सॉकेटला टेबललॅम्प लावून बघा. स्पाइक बस्टरचा फ्यूज, एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच, पॉवर कॉर्ड तपासा. काही एसएमपीएस झटका बसल्यावर स्वतःला कुलूप लावून घेतात आणि वायर पाच-दहा मिनिटं काढून ठेवली की पुन्हा सुरू होतात. तेवढ्यावर निभावलं, तर तुमचं नशीब चांगलं.

### नेमका कोणता भाग गेला हे घरच्या घरी कसं कळेल?

या पानावरचं महत्त्वाचं उत्तर हेच, कारण पैसे वाचतात ते इथेच. स्वस्त भाग शोधून जेवढे वाचतात त्याहून जास्त पैसे चुकीचा भाग न घेतल्याने वाचतात. मी पहिल्यांदा काय केलं? पंखे फिरत होते, स्क्रीन काळी होती. कुणीतरी म्हणालं ‘रॅम गेली’, मी रॅम आणली. मग दुसरी आणली. गेला होता एसएमपीएस. चोर सोडून संन्याशाला फाशी!

एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या किंवा उसना आणा. सुरुवात एसएमपीएसपासून. त्याच्या सगळ्या वायरी बोर्ड, डिस्क, कार्ड यांच्यातून काढा. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये एकच हिरवी वायर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या. विजेची कॉर्ड काढलेली असताना हिरवी आणि शेजारची काळी पिन वाकवलेल्या पेपरक्लिपने जोडा, मग कॉर्ड लावून स्विच चालू करा. पंखा फिरला पाहिजे. काही मॉडेलमध्ये लोड, म्हणजे वीज घेणारं काही जोडलेलं, नसताना पंखा मुद्दामच थांबलेला असतो, म्हणून पंख्यावर न जाता मीटरवर जा. काळ्या वायरीच्या सापेक्ष पिवळीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ मिळायला हवेत. जांभळीवर ५ व्होल्ट असतात, तेही हिरवी-काळी न जोडता, नुसती कॉर्ड लावली तरी. जांभळीवर शून्य असेल तर एसएमपीएस गेला, पुढे तपासायची गरज नाही. सगळ्या वायरी काळ्या असलेला एसएमपीएस असेल तर अंदाजाने पिना जोडू नका, त्याच्या पुस्तिकेतली आकृती बघा. हवी आहे ती १६ क्रमांकाची पिन.

आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये कॉर्ड काढल्यावरही काही काळ ३०० व्होल्टहून जास्त साठलेले असू शकतात.

मीटरवर आकडे बरोबर आले म्हणजे एसएमपीएस निर्दोष सुटला असं नाही, कारण ही चाचणी लोडशिवाय झाली. म्हणून पुढच्या तपासणीला खात्रीचा दुसरा एसएमपीएस लागतो. मित्राकडून आणा किंवा नवाच घ्या (तो लागणारच आहे, का ते पुढच्या उत्तरात). इथे नियम एकच: चांगला एसएमपीएस संशयित भागांना लावायला हरकत नाही, कारण पुढे शॉर्ट असेल तर तो स्वतः बंद होतो. उलटं मात्र कधीच नाही. संशयित एसएमपीएसला मित्राचं चांगलं ग्राफिक्स कार्ड लावलं, तर आगीतून फुफाट्यात जाल आणि मित्रालाही घेऊन जाल.

आता बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा, पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर आणि रॅमची एकच पट्टी. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड. पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की मशीन सुरू होतं.

काहीच हललं नाही, तर बहुधा बोर्ड गेला. पंखा झटका देऊन थांबला, तर कुठेतरी शॉर्ट आहे, एकेक गोष्ट काढून पुन्हा करून बघा. पंखे फिरतात पण चित्र नाही, असं असेल तर रॅम दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी, मग बोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काही मिनिटं काढून बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम, मूळ स्थितीत आणा. मॉनिटरही तपासा, तोही त्याच वादळात होता. एचडीएमआयचा पोर्ट मेलेला असतो आणि माणूस मदरबोर्डवर रडत बसतो. बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूटसाठी चार छोटे दिवे असतात. ज्यावर गाडी अडली तो पेटून राहतो.

मी पाहिलेल्या मशीनमध्ये एसएमपीएस आणि लॅन पोर्ट सर्वांत जास्त वेळा गेले, त्याखालोखाल मदरबोर्ड. प्रोसेसर आणि रॅम फार क्वचित. म्हणूनच ‘रॅम बदलून बघा’ हा सल्ला शेवटी ऐकावा.

### जुना एसएमपीएस मीटरवर बरोबर दाखवतोय. ठेवू का?

नको. झटका पहिल्यांदा अंगावर घेतला तो त्यानेच. आतले भाग अर्धमेले होऊन सहा महिन्यांनी जाऊ शकतात आणि जाताना नवा बोर्ड सोबत नेऊ शकतात. तंगी कितीही असली तरी या एका वस्तूवर मी तडजोड करत नाही. झटका नक्की लॅनमधूनच आला असेल, तेवढाच काय तो अपवाद.

### माझे फोटो, कागदपत्रं, सगळा डेटा गेला का?

बहुतेक वेळा नाही. डिस्क जुन्या एसएमपीएसवर पुन्हा चालवून बघू नका. बाहेर काढा आणि यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. एम.२ एसएसडीसाठी (बोर्डवर थेट बसणारी छोटी पट्टी) वेगळी छोटी डबी मिळते. घेताना तुमची एसएसडी एनव्हीएमई जातीची आहे की साटा हे बघून घ्या, दिसायला दोन्ही सारख्याच असतात. उघडली की पहिलं काम कॉपी. बाकी सगळं नंतर.

फिरणारी हार्ड डिस्क अगदीच शांत असेल, किंवा तिला लावताच एसएमपीएस बंद पडत असेल, तरी आशा सोडू नका. बऱ्याच हार्ड डिस्कच्या हिरव्या बोर्डवर ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनवर एकेक टीव्हीएस डायोड असतो. तो व्होल्टेज वाढलं की स्वतः शॉर्ट होतो आणि मागचं सर्किट वाचवतो. असा शॉर्ट झालेला डायोड काढला की डिस्क अनेकदा फिरू लागते, निदान डेटा काढण्यापुरती. त्यानंतर तिला संरक्षण उरत नाही, म्हणून कॉपी झाली की ती निवृत्त. सोल्डरिंगचा हात नसेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला दाखवा, त्याच्यासाठी हे पाच मिनिटांचं काम आहे. तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावायचा उपाय मात्र नुसता स्क्रूचा खेळ नाही. बहुतेक डिस्कमध्ये त्या डिस्कची स्वतःची माहिती बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असते आणि ती चिपही हलवावी लागते.

डिस्क टकटक आवाज करत असेल आणि आतला डेटा अमोल असेल, तर तिथेच थांबून डेटा काढून देणाऱ्याकडे जा.

आणखी एक अडचण अलीकडे वाढली आहे. विंडोजने डिस्क कुलूपबंद केलेली असेल, म्हणजे बिटलॉकर चालू असेल, तर दुसऱ्या मशीनवर किंवा नव्या मदरबोर्डवर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. नव्या लॅपटॉप-कॉम्प्युटरांत हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असतं. की बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. फोनवरून खात्यात लॉगइन करा आणि ती कागदावर उतरवून घ्या. की नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही डेटा मिळत नाही.

### फक्त लॅन पोर्ट गेलाय, बाकी सगळं चालतंय. बोर्ड बदलावा का?

मुळीच नाही. यूएसबीचा लॅन अडॅप्टर किंवा रिकाम्या खाचेत एक लॅन कार्ड लावा, बायॉसमधून मेलेला पोर्ट बंद करा आणि कामाला लागा. लॅन पोर्टच्या मागे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. इथरनेटच्या मानकानुसार ते १,५०० व्होल्टचं विलगन देतात, त्यामुळे अनेकदा झटका तिथेच संपतो.

### बोर्ड गेला, प्रोसेसर चांगला आहे. त्याच सॉकेटचा बोर्ड शोधू की सगळंच नवं घेऊ?

तुमची रॅम कोणती आहे ते बघा, निम्मं उत्तर त्यात आहे. (सॉकेट म्हणजे इथे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा.)

डीडीआर३, म्हणजे रॅमची जुनी पिढी, असेल तर त्या मशीनवर पैसे घालू नका. तसे बोर्ड आता फक्त वापरलेले किंवा निनावी मिळतात, आणि त्याला जोडलेली रॅम पुढच्या मशीनमध्ये चालत नाही. तिच्या पुढची डीडीआर४ असेल तर वापरलेला बोर्ड शोधणं हाच शहाणपणाचा मार्ग, कारण प्रोसेसर, रॅम, कूलर, डिस्क सगळं तसंच राहतं. एएमडीचं एएम४ सॉकेट यासाठी फार सोयीचं. २०१६ पासून त्यावर प्रोसेसरांच्या अनेक पिढ्या आल्या, त्यामुळे बोर्ड मुबलक आहेत. पण बोर्ड जुना आणि प्रोसेसर त्यापेक्षा नवा असेल तर आधी बायॉस अद्ययावत करावं लागतं. ते करून देतो का, हे विकणाऱ्यालाच विचारा.

इंटेलमध्ये सॉकेटच्या आकड्यावर विसंबू नका. सहाव्या-सातव्या पिढीचे आणि आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही एलजीए ११५१ मध्ये बसतात, पण एकमेकांच्या बोर्डवर चालत नाहीत. बोर्डचा चिपसेट, म्हणजे त्याच्या मुख्य चिपचं नाव, बघा आणि बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर प्रोसेसरांची यादी असते तीत आपलं नाव शोधा.

वापरलेला बोर्ड घेताना दोन हट्ट धरा. एक, सॉकेटचा जवळून काढलेला फोटो. इंटेलच्या बोर्डमध्ये पिना बोर्डवर असतात आणि एक वाकलेली पिन रॅमची अख्खी खाच बंद पाडू शकते. दोन, बोर्ड चालू असताना बायॉसची स्क्रीन दाखवणे. ‘काढला तेव्हा चालत होता’ हे वाक्य मी दोनदा विकत घेतलं आहे.

आणि प्रोसेसरही बोर्डसोबत गेला असेल तर?

### ऑफिसमधून निघालेला वापरलेला ब्रँडेड कॉम्प्युटर घेतला तर?

तर हा मार्ग मला सगळ्यात स्वस्त पडतो. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर अशी मशीन कचेऱ्या थोकाने काढतात. बोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस, कॅबिनेट एकत्र मिळतं, वर तुमची जुनी रॅम आणि एसएसडी घातली की काम झालं.

खोच अशी की यांतल्या अनेक मशीनचे एसएमपीएस आणि त्यांचे कनेक्टर नेहमीच्या मापाचे नसतात. पुढे एसएमपीएस गेला तर बाजारातला कोणताही आणून बसवता येत नाही. छोट्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्डही बसत नाही. काहींत रॅम लॅपटॉपची, आखूड पट्टीची लागते. ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.

पिढीही बघा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायचं तर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुनं मशीन फार स्वस्त मिळत असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका. ब्राउझर, पत्रं, सिनेमे एवढ्यासाठी काही अडत नाही.

### ग्राफिक्स कार्ड आत्ताच घ्यावं का?

गेम किंवा व्हिडिओचं काम नसेल तर नको. फक्त प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे ना ते तपासा. इंटेलच्या क्रमांकाशेवटी एफ असेल तर नसतं. एएम४ च्या रायझनमध्ये साधारणपणे शेवटी जी असेल तरच असतं.

### पैसे कुठे वाचवू आणि कुठे नको?

कॅबिनेट जुनंच ठेवा. कीबोर्ड, माउस, पंखे जुनेच. रंगीबेरंगी दिव्यांचा विचारही नको. जुनी रॅम ठेवा, पण मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. फुकट आहे. एकही चूक दाखवली तरी ती पट्टी बाद. कूलर काढला असेल तर थर्मल पेस्ट नवी लावा, ती छोटी ट्यूब वाचवून काही मिळत नाही.

खर्च करा तो एसएमपीएसवर. खोक्यावरचं ‘८० प्लस’ फक्त कार्यक्षमता सांगतं, म्हणजे किती वीज वाया जाते ते. संरक्षण किती आहे ते नाही. त्याऐवजी जास्त व्होल्टेज, जास्त प्रवाह आणि शॉर्ट सर्किट यांपासूनची संरक्षणं लिहिली आहेत का आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती मशीनला ४०० ते ४५० वॉट रग्गड. मोठ्या आकड्याचा स्वस्त डबा घेण्यापेक्षा छोट्या आकड्याचा चांगला घ्या.

इथे एक सापळा आहे. केबल सुट्या होणारा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस असेल, तर जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाला मानक नाही. ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की वादळातून वाचलेली डिस्क आपल्याच हाताने जाते.

### विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागेल का?

ब्रँडेड मशीनसोबत आलेलं लायसन्स त्या मदरबोर्डला बांधलेलं असतं, ते त्याच्यासोबत जातं. वेगळं विकत घेतलेलं असेल तर नव्या बोर्डवर नेता येतं. मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेलं असेल तर सक्रियतेच्या ट्रबलशूटरमध्ये ‘हार्डवेअर बदललं आहे’ हा पर्याय निवडा. सक्रिय न झालेलं विंडोज लगेच बंद पडत नाही. वॉलपेपर बदलता येत नाही आणि कोपऱ्यात आठवण येत राहते, एवढंच.

### सगळं सुरू झालं, पण अधूनमधून हँग होतं. हेही वादळाचंच का?

असू शकतं. झटक्याने कमजोर झालेला भाग लगेच मरतोच असं नाही, आठवड्यांनीही त्रास देतो. यूएसबी पोर्ट मध्येच सुटणे, गरम झाल्यावर रीस्टार्ट, डिस्क गायब होणे ही नेहमीची लक्षणं. वाचलेल्या मशीनवर पहिले दोन महिने तरी डेटाची एकुलती एक प्रत ठेवू नका. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी आणि कॉपी झाली की ती डिस्क काढलेली असावी. लावूनच ठेवलेला बॅकअप पुढच्या विजेत सोबतच जातो.

### पुन्हा असं होऊ नये म्हणून काय घेऊ?

घ्यायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या, इलेक्ट्रिशियनकडूनच. सर्ज प्रोटेक्टरमधले एमओव्ही नावाचे भाग जादा व्होल्टेज वळवतात, आणि त्यातला मोठा हिस्सा वळवायला अर्थची वायर लागते. ती नुसती सॉकेटमध्ये दिसते आणि मागे कुठेच जोडलेली नाही, अशी घरं कमी नाहीत. एमओव्ही प्रत्येक झटक्यासरशी थोडे झिजतात आणि ते पूर्ण मेले तरी प्रोटेक्टरची पट्टी साधा एक्स्टेंशन बोर्ड म्हणून चालतच राहते. म्हणून संरक्षण शाबूत असल्याचा दिवा असलेली घ्या आणि तो विझला की बदला. मुख्य वितरण पेटीत बसणारं संरक्षक उपकरण त्याहून भक्कम. स्वस्त यूपीएस मात्र वीज असताना मेनची लाइन जवळपास तशीच पुढे देतो. त्याचा उपयोग फाइल सेव्ह करायला, विजेपासून वाचायला नाही.

जवळ पडलेल्या विजेपुढे यातलं काहीच खात्रीचं नाही. स्विच बंद करूनही भागत नाही, आतलं अंतर काही मिलिमीटरचं असतं. प्लग काढा आणि लॅनची वायरही काढा, लोक हमखास विसरतात ती हीच. मात्र हे वादळ पोचण्याआधी करायचं. चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आकडा आला की वायरींना हात लावायची वेळ निघून गेली. मग कॉम्प्युटर गेला तर जाऊ दे.

### जळालेल्या भागांचं काय करू?

ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. मेलेल्या बोर्डवरचा सेल, हीटसिंक आणि एम.२ चा बारीकसा स्क्रू आधी काढून ठेवा, तो स्क्रू शोधायला अर्धा दिवस जातो. वादळातला एसएमपीएस ‘असू दे कधीतरी’ म्हणून कपाटावर ठेवू नका. कॉर्ड काढून दिवसभर ठेवल्यावर मी त्याचा २४ पिनांचा कनेक्टर कात्रीने कापतो. कारण वर्षभराने तो कपाटावरून खाली काढून चांगल्या बोर्डला लावणारा माणूस मीच असतो.